कायद्याचं कवच आधी कुणाला? धोक्यातल्या प्रजातींची रांग कशी लावायची?

कासपठारी

मंडळी, एका प्रश्नावर तुमची मतं हवी आहेत.

आपला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. एखादी प्रजाती त्याच्या अनुसूचीत आली की तिला पकडणं, मारणं, विकणं गुन्हा ठरतो. नाव नसेल तर अभयारण्याबाहेर तिला फारसं कुणी वाली नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि नावं बरीच वाढली. पण कुणाची तपासणी आधी करायची, कुठल्या कसोटीवर करायची आणि निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे कायद्यात लिहिलेलं नाही. कलम ६१ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून नाव घालू शकतं, वगळू शकतं किंवा एका अनुसूचीतून दुसरीत हलवू शकतं. पुढं काही नाही.

याचा परिणाम बघा. मोर पहिल्यापासून पहिल्या अनुसूचीत आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत मात्र तो 'चिंता नाही' या गटात बसतो. वनस्पतींची अनुसूची आली १९९१ साली, आणि पुढची तीन दशकं तिच्यात फक्त सहा नावं होती. त्यातलं एकही झाड महाराष्ट्राच्या रानात उगवत नाही. आपली शिंदळ माकुडी, म्हणजे शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांना चिकटून वाढणारी, जाड पानांची, चांदणीसारख्या तांबड्या-पिवळ्या फुलाची वनस्पती. आययूसीएनने एकेकाळी तिला जगातल्या सर्वाधिक संकटातल्या बारा प्रजातींत धरलं होतं, आणि त्या सहांत ती नव्हती.

राग यावा अशीच ही गोष्ट आहे. मोराला संरक्षण मिळालं याचा आनंदच आहे, पण ज्याला कुणी ओळखत नाही त्याची तपासणी कधीच होत नाही.

माझ्या मते रांग तीन प्रश्नांवर लागावी. प्रजाती किती थोड्या जागेत उरली आहे? घाव किती जवळ आला आहे? आणि तो घाव कायद्यानं अडवता येतो का? तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, पण तो फार कमी विचारला जातो.

तुम्ही रांगेत पहिलं नाव कुणाचं घालाल? का?

पंखपसारा

विषय आवडला. पण सुरुवातच विरोधानं करतो.

माळढोक १९७२ पासून पहिल्या अनुसूचीत आहे. याहून वरचं संरक्षण आपल्या कायद्यात नाही. तरी २०११ साली तो लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' झाला, आणि आज देशात दीडशेच्या आसपास उरलाय, तोही मुख्यतः राजस्थानात. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमीन विकता येईना, घरासाठी कर्ज मिळेना, आणि लोकांचा राग निघाला पक्ष्यावर. पुढं क्षेत्र कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. आता नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

जड शरीराचा पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, उडताना विजेच्या तारांवर आदळतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये सौरऊर्जेची गरजही लक्षात घेऊन तो आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. पन्नास वर्षं अनुसूचीत राहूनही मारणारी तार कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

म्हणून विचारतो, रांगेत पहिला नंबर मिळून फायदा काय?

गवतफुला

तणमोर, माळढोकाचा छोटा भाऊबंद! दुसरं नावच नको. अकोला-वाशीमकडं फासेपारधी समाजातली माणसं त्याच्या जागा राखतायत. पावसाळ्यात नर गवतातून टुणकन उडी मारतो ते एकदा पाहिलं की माणूस बाकी सगळी नावं विसरतो.

अनघा_पुणे

पंखपसारा, तुमचं उदाहरण कासपठारींच्या तिसऱ्या प्रश्नालाच बळ देतं. घाव कुठून येतोय हे आधी ओळखायचं आणि मग हत्यार निवडायचं.

गिधाडांचंच घ्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं. शिकार कुणी करत नव्हतं. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण सापडलं २००४ मध्ये. इथं अनुसूचीतलं नाव बदलून एकही गिधाड वाचलं नसतं. कामी आली २००६ ची पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवरची बंदी. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही बंदी आली. म्हणजे उपयोगी पडला औषधांचा कायदा, वन्यजीवांचा नव्हे.

तेव्हा तपासणीच्या अर्जावर पहिला रकाना 'मृत्यूचं कारण' असा हवा. ज्यांना पकडून विकलं जातं, उदाहरणार्थ खवले मांजर किंवा चांदणी कासव, त्यांच्या बाबतीत अनुसूची थेट काम करते. त्यांचा नंबर वर. ज्यांची जागाच खणली जातेय त्यांना दुसरं हत्यार लागेल.

सह्यभ्रमर

अनघाताई +१. वाचनखूण साठवली.

मुकुंद_मेलबर्न

इथल्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो, कारण तिचे गुण-दोष दोन्ही उपयोगी पडतील.

ऑस्ट्रेलियाचा कायदा १९९९ चा. कुणीही नागरिक एखाद्या प्रजातीचं नाव सुचवू शकतो. ती नावं शास्त्रज्ञांच्या समितीकडं जातात, समिती प्राधान्ययादी सुचवते, मंत्री ती पक्की करतात आणि यादीतल्या प्रत्येक नावाला मुदत मिळते. कुणाची तपासणी चालू आहे हे सगळ्यांना दिसतं. कासपठारींना जे हवंय ते कागदावर इथं आहे.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर एक सापसुरळी होती, जंगलात सर्रास दिसणारी. ती कमी होत गेली. कायद्याच्या यादीत तिचं नाव आलं २०१४ च्या जानेवारीत. जगातली शेवटची ज्ञात मादी पिंजऱ्यात होती, तिला सगळे गम्प म्हणायचे. ती त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मेली. तेवढे चार-पाच महिनेच कायद्याचं कवच लाभलं.

त्याच बेटावरचं छोटं वटवाघूळ यादीत आधीपासून होतं. शास्त्रज्ञ सांगत होते की उरलेली पकडून त्यांची पैदास करा. परवानगी मिळून काम सुरू होईपर्यंत २००९ चा ऑगस्ट उजाडला. माणसं जाळी घेऊन पोचली तेव्हा ध्वनियंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज येत होता, आणि तोही २६ ऑगस्टनंतर आला नाही.

यादी असणं पुरेसं नाही. तपासणी चालू असतानाच तातडीचं तात्पुरतं संरक्षण देण्याची सोय हवी. आपल्याकडं कुणी मसुदा करणार असेल तर हे कलम पहिलं घाला.

गवतफुला

मुकुंद, गम्पबद्दल वाचून कसंतरी झालं.

बेडूकप्रेमी

सगळे ज्यांना नाव आहे त्यांच्याबद्दल बोलतायत. मला त्या आधीची पायरी मांडायची आहे. ज्याला शास्त्रीय नाव नाही, त्याची तपासणी होऊच शकत नाही.

कावेरीतला कुबडवाला महसीर घ्या. पन्नास किलोपर्यंत वाढणारा, गळ टाकणाऱ्यांत दीडशे वर्षं प्रसिद्ध असलेला मासा. पण शास्त्राच्या वहीत त्याची नेमकी ओळख पटलेली नव्हती, म्हणून लाल यादीत तो नव्हता. २०१८ साली तो टॉर रेमादेवी असल्याचं सिद्ध झालं आणि त्याच वर्षी तो थेट 'अतिसंकटग्रस्त' ठरला. तोवर कावेरीत आपला, म्हणजे पुण्याच्या मुळा-मुठेतून १८३९ मध्ये साईक्सनं वर्णन केलेला निळ्या परांचा महसीर पसरला होता. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली जायची आणि देशभर सोडली जायची. हेतू चांगला होता, कारण तेव्हा हाच महसीर संकटात आहे असं मानलं जाई. २०१८ मध्ये तोही पुन्हा तपासला आणि 'चिंता नाही' गटात गेला. एकाला वाचवायला नदीत सोडलं आणि दुसरा, खरोखर बुडत असलेला, त्याच्याखाली झाकला गेला.

बेडकांचं तर विचारूच नका. २०२३ च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या ४१ टक्के प्रजाती धोक्यात निघाल्या. कुठल्याही कणा असलेल्या प्राणिगटापेक्षा जास्त. आंबोलीचा भेक, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला, ज्याचं वर्णनच २००९ मध्ये झालं, तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबकं आटलं की पिढी गेली.

आणि 'माहिती अपुरी' हा जो गट आहे ना, त्याला लोक 'धोका नाही' असं समजतात. २०२२ च्या एका अभ्यासानं संगणकाच्या मदतीनं अंदाज बांधला, तर या गटातल्या निम्म्याहून जास्त प्रजाती आणि उभयचरांतल्या ८५ टक्के धोक्यात असण्याची शक्यता निघाली. माझ्या रांगेत पहिले हेच.

सह्यभ्रमर

लोणावळ्याला इतक्यांदा गेलो, चिक्कीपलीकडं काही बघितलं नाही. पुढच्या वेळी वळवणला जाणार.

देवरुखचा_दादू

मी सड्यावरचा, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरचा माणूस, म्हणून जमिनीवरचं लिहितो.

रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडी येते. जूनचा पहिला पाऊस झाला की कातळाच्या फटीतल्या चिमूटभर मातीतून हिरवी काडी वर येते आणि तिला पांढरी फुलं लागतात. थोड्या दिवसांत सगळा खेळ संपतो आणि कंद पुढच्या वर्षापर्यंत झोपतो. कोकण-गोव्याच्या या पट्ट्याबाहेर ती नाही. मे महिन्यात सडा बघाल तर काळा, भाजलेला, ओसाड दगड. सरकारी कागदावर पडीक.

पडीक म्हटलं की मोकळं रान! चिरेखाणवाला येतो, जांभा कापून नेतो. हापूसवाला सुरुंग लावून खड्डे करतो, बाहेरून माती आणून कलमं लावतो. मी त्यांना दोष देत नाही, माझ्या घरातही चिरे त्याच सड्याचे आणि पोट आंब्यावरच.

पण कायद्याबद्दल माझी भीती ऐका. आमच्या सड्याची बहुतेक जमीन खासगी आहे. उद्या 'इथं संरक्षित वनस्पती आहे' असं जाहीर झालं, तर तपासणीवाले यायच्या आत रातोरात जेसीबी फिरेल. पंखपसारांनी नान्नजचं सांगितलं तेच. माणसाला आधी सांगा की तुझी जमीन जात नाही, मग झाडाचं नाव काढा.

आणि हो, माकडं आणि रानडुकरं यांनी आधीच जीव नकोसा केलाय. गावात 'वन्यजीव कायदा' म्हटलं की लोकांना एवढंच आठवतं. हेही लक्षात घ्या.

अनघा_पुणे

दादू, याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत ना? २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली ती?

देवरुखचा_दादू

हो ताई, तीच. पुष्कळ ठिकाणी चित्र आणि दीपकाडी एकाच कातळावर. चित्र बघायला पाहुणे येतात म्हणून काही गावांनी सडा राखायला घेतलाय. झाडाचं नशीब चित्रामुळं उजळलं.

उत्तरा_मिनेसोटा

रांगेच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव फार बोलका आहे, जरा सविस्तर लिहिते.

इथला कायदा १९७३ चा. कुणीही अर्ज करू शकतं आणि खात्यानं ठरावीक मुदतीत उत्तर द्यायचं असतं. अर्ज इतके आले की १९८३ मध्ये क्रमांक देण्याची पद्धत काढली, १ ते १२. धोका किती मोठा, किती जवळ आणि प्रजाती वंशावळीत किती एकटी, यावर हा क्रमांक ठरतो. जवळचे भाऊबंद नसलेल्या एकांड्या प्रजातीला वरचा नंबर, कारण ती गेली की अख्खी फांदी जाते.

कासपठारींची शिंदळ माकुडी इथं गंमत करेल. ती पूर्वी स्वतःच्या वंशात एकटी होती. आता अभ्यासकांनी तिला कंदीलपुष्पांच्या मोठ्या वंशात घातलंय. कड्यावरच्या झाडाला काहीच झालं नाही, पण अमेरिकेत असती तर तिचा नंबर खाली घसरला असता. म्हणून मला हा निकष एकट्यानं वापरलेला आवडत नाही.

मोठी अडचण पुढं आहे. 'संरक्षण द्यायला हवं, पण याहून निकडीची कामं असल्यानं सध्या देता येत नाही' असा एक शेरा इथं कायद्यातच आहे. मोनार्क फुलपाखराला २०२० च्या डिसेंबरमध्ये हाच शेरा मिळाला, आणि यादीत घेण्याचा प्रस्ताव आला २०२४ च्या डिसेंबरमध्ये. एका अभ्यासात अर्जापासून यादीत येईपर्यंतचा मधला काळ बारा वर्षांच्या आसपास निघाला. शेवटी संस्था कोर्टात गेल्या. २०११ च्या तडजोडीनंतर तुंबलेल्या २५१ प्रजातींचे निर्णय मुदतीत लावावे लागले.

२०१६ पासून तपासण्यांसाठी पाच गट आहेत. अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्या प्रजाती पहिल्या, ज्यांची माहिती भरपूर आहे त्या दुसऱ्या, आणि माहिती अपुरी असलेल्या सगळ्यात शेवटी.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २१ प्रजाती यादीतून काढल्या, कारण त्या नामशेष झाल्या होत्या. हवाईचे आठ छोटे पक्षी त्यांत होते. बहुतेकांना यादीत घेतलं तेव्हाच त्या जवळपास संपलेल्या होत्या.

बेडूकप्रेमी

उत्तराताई, अपुरी माहितीवाले शेवटी, हे मला अजिबात पटत नाही. माहिती नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून माहिती गोळा करायला पैसा नाही. यातून बाहेर कोण कसं पडणार?

उत्तरा_मिनेसोटा

बेडूकप्रेमी, तुमची तळमळ समजते. पण माणसं आणि पैसा ठरलेला आहे. ज्या एका प्रजातीचा निर्णय लावायला पाच वर्षं नुसतं शोधत फिरावं लागेल, तेवढ्यात माहिती तयार असलेल्या कितीतरी प्रजाती निकाली निघतात. दोन वेगळ्या रांगा करा, हे माझं म्हणणं. एक निर्णयाची, दुसरी शोधाची. शोधाच्या रांगेला वेगळा निधी. एकाच रांगेत दोघांना उभं केलं तर मागचा कायम मागंच राहतो.

बेडूकप्रेमी

दोन रांगा चालतील. निधी खरोखर वेगळा हवा मात्र.

रेवदंडेकर

समुद्राकडं कुणी बघणार आहे की नाही?

२००१ च्या मे महिन्यात व्हेल शार्क पहिल्या अनुसूचीत आला. मासा म्हणून हा मान त्यालाच पहिला. तो निर्णय योग्यच होता, गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची कत्तल चालली होती. पण दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, सगळ्याच मुशी (शार्क) आणि पाकट यांच्यावर सरसकट बंदी आली. जाळ्यात काय येणार हे मच्छीमाराच्या हातात असतं का? किनारपट्टीवर गोंधळ उडाला. डिसेंबरमध्ये सरकारनं बंदी मागं घेतली आणि दहा प्रजाती ठेवल्या. त्यातही एक नाव अशा माशाचं होतं जो आफ्रिकेच्या बाजूला राहतो. आपल्या जाळ्यात येणारे त्याचे भाऊबंद यादीबाहेरच राहिले.

आधी सगळे, मग दहा. मधे कुणी बंदरावर येऊन विचारलं नाही की बाबा, तुझ्या जाळ्यात काय येतं, पूर्वी किती यायचं, आता किती येतं. माझ्या आज्याला करवत मासा माहीत होता. माझ्या पोराला चित्र दाखवावं लागतं. ही घट मोजायला कुठलं यंत्र हवं?

उलट बाजूही सांगतो. २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला सोडला, तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्यानंतर कासवं, व्हेल शार्क सोडल्याचे व्हिडिओ आमची पोरं आपणहून पाठवायला लागली. माझं मत, ज्या प्रजातीच्या बाबतीत माणसं सोबत येणार आहेत ती आधी घ्या.

पंखपसारा

रेवदंडेकर, मस्त प्रतिसाद. 'माणसं सोबत येणार आहेत का' हा चौथा प्रश्न मानावा का, कासपठारी?

खानापूरकर

आमच्या तालुक्यातलं एक उदाहरण वेगळंच आहे. तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथं मोठ्या कानांचं एक वटवाघूळ राहतं, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात. १९१३ मध्ये शास्त्राला कळलं आणि पुढं ऐंशीहून जास्त वर्षं जगात हे एकच ठिकाण माहीत होतं. नंतर कंबोडियात आणि मेघालयात सापडलं.

आता बघा, लाल यादीत ते 'माहिती अपुरी' आणि आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत! म्हणजे माहिती पूर्ण नसतानाही संरक्षण देता येतं. एकच गुहा माहीत आहे, ती गेली तर सगळं गेलं, एवढं कारण पुरलं. आणि त्याच काळात फळं खाणारी बाकीची वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या सोबतीला 'उपद्रवी' अनुसूचीत होती, २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत.

गुहेचा परिसर २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे. बेडूकप्रेमींच्या बाजूनं माझं मत.

बेडूकप्रेमी

खानापूरकर, तोंडात साखर पडो!

सरडेवाला

एक धोका सांगतो. जाहीर तपासणी म्हणजे जाहीर पत्ता.

चीनमध्ये १९९९ मध्ये एका सुंदर पालीचं वर्णन छापलं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला प्रचंड भाव आला आणि जिथून वर्णन केलं तिथूनच ती साफ झाली. लाओसमधल्या एका पाणसरड्याचं २००२ नंतर तेच झालं. आपल्याकडं सह्याद्रीत गेल्या काही वर्षांत कितीतरी नव्या पाली सापडल्यात, काही एकाच डोंगरावरच्या. प्राधान्ययादीत नाव आणि शेजारी गाव, तालुका, फोटो असं टाकलं तर चोराचं काम आपणच केलं.

दादूच्या प्रतिसादाखाली कुणीतरी एका कंदीलपुष्पाचा नेमका कडा लिहिलाय. कृपया काढा.

व्यवस्थापक

तो प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. सर्वांना विनंती, या धाग्यावर जिल्ह्यापेक्षा बारीक पत्ता देऊ नये. आधीच प्रसिद्ध असलेली ठिकाणं चालतील.

माळकरी

अवांतर: रानपिंगळा, एक छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला मिळाला नाही, संपला असं धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिसला. एकशे तेरा वर्षांनी! तेव्हा 'हरवलेला' म्हणून कुणाला रांगेतून काढू नका.

सह्यभ्रमर

एक भाबडा प्रश्न. एकेक नाव घेण्यापेक्षा वाघ वाचवा, जंगल वाचेल, बाकी सगळे आपोआप वाचतील, असं का नको? सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहेच की २०१० पासून.

अनघा_पुणे

प्रश्न भाबडा नाही, बरेच अधिकारीही असंच मानतात. जंगलातल्यांना त्याचा फायदा होतोही. पण दादूचा सडा, माळढोकाचा माळ, आंबोलीच्या भेकाचं डबकं, कड्यावरची माकुडी यांच्याकडं वाघ फिरकत नाही. महाराष्ट्रात सर्वात संकटात असलेलं बरंचसं उघड्या माळावर आणि दगडावर आहे. झाडं नाहीत म्हणून ती जागा पडीक ठरते आणि सगळ्यात आधी जाते.

वकीलबाई_सांगली

वाचत होते, आता लिहिते. सगळी चर्चा एकाच कायद्याभोवती फिरतेय. हातात आणखी दारं आहेत.

जैवविविधता कायदा २००२ चं कलम ३८: नामशेष होण्याच्या वाटेवरच्या प्रजाती केंद्र सरकार राज्याशी सल्लामसलत करून अधिसूचित करू शकतं आणि त्या गोळा करण्यावर बंदी घालू शकतं. कंदीलपुष्पांसारख्यांसाठी हे नेमकं आहे, कारण त्यांचे कंद उकरले जातात.

कलम ३७: राज्य सरकार स्थानिक संस्थांशी बोलून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला छोटा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, त्याचं वर्णन २०२० मध्ये झालं आणि २०२१ मध्ये ते कुंड आणि परिसर वारसा स्थळ झालं. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. नान्नजच्या ८,४९६ चौरस किलोमीटरशेजारी हा आकडा ठेवून बघा. देवाचं कुंड म्हणून गावानं ते आधीच जपलेलं, कुणाची शेती गेली नाही, कुणाचं कर्ज अडलं नाही. ज्यांची जागा एवढीशी आहे त्यांची तपासणी आधी करा, कारण तिथं वर्षभरात निकाल लागू शकतो.

दादूसाठी: वारसा स्थळामुळं स्थानिकांच्या चालत आलेल्या हक्कांवर गदा येत नाही. जमीन खासगी असेल तर मालकाची साथ लागतेच, म्हणून ग्रामसभेपासून सुरुवात करा.

२०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनंही अनुसूचींतून सुटलेल्या प्रजातींकडं बोट दाखवलं होतं. म्हणजे आपण म्हणतोय ते दिल्लीला नवीन नाही. पाठपुरावा हवा.

कासपठारी

इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. पंखपसारा, हो, चौथा प्रश्न घेतला: माणसं सोबत आहेत का. मुकुंद यांचं तातडीचं संरक्षण आणि उत्तराताईंच्या दोन रांगा, दोन्ही घेतल्या.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. रेवदंडेकर, माणसं सोबत येतील तीच आधी, असं धरलं तर चिरेखाणीखालच्या प्रजातीला कधीच नंबर लागणार नाही, कारण तिथं माणसं सहजासहजी सोबत येणार नाहीत. माणसांची साथ हा क्रम ठरवायचा निकष नको. निर्णय झाल्यावर काम कसं करायचं त्याचा तो निकष असावा.

माझं पहिलं नाव आंबोलीचा भेक. दुसरी दीपकाडी. तिसरी जागा शोधाच्या रांगेला, खानापूरकरांच्या वटवाघळाच्या धर्तीवर 'एकच ठिकाण माहीत' असलेल्या सगळ्यांना.

रेवदंडेकर

कासपठारी, चिरेखाणीचं मान्य. पण समुद्रात रखवालदार उभा करता येत नाही. तिथं माझाच क्रम चालेल. समुद्राची रांग वेगळी लावा.

देवरुखचा_दादू

दीपकाडी दुसरी? भेकाला मान देऊन मान्य करतो.

वकीलबाई, आमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती कागदावर आहे. लोक जैवविविधता नोंदवही कुणीतरी बाहेरून येऊन भरून गेलं, त्यात आंबा, काजू, फणस आणि गाय-बैल आहेत. दीपकाडीचा उल्लेख नाही. आता नाव घालता येतं का?

वकीलबाई_सांगली

येतं, नोंदवही वेळोवेळी सुधारायचीच असते. समितीच्या बैठकीत विषय घ्या, ठराव करा, ठरावाची प्रत राज्य जैवविविधता मंडळाला पाठवा. नोंदीत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, फुलण्याचा महिना, पूर्वी किती दिसायची आणि आता किती, कशामुळं कमी झाली हे लिहा. नेमका पत्ता वेगळ्या बंद पाकिटात द्या, सरडेवाल्यांचं म्हणणं रास्त आहे. आधीची प्रत ग्रामसेवकाकडं लेखी मागा, तोंडी मागाल तर 'कपाटात आहे' एवढंच उत्तर मिळेल.

बेडूकप्रेमी

दादू, शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकनेन्सी. फोटो हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फुलाचे आणि कंदाचे दोन्ही आहेत.

देवरुखचा_दादू

व्यनि केलाय. बैठक गणपतीनंतर आहे.